बर्टविसल: शिट्टी नव्हे, नदीचं बेचकं

'बर्टविसल' या इंग्रजी आडनावाचा अर्थ 'पाखराची शिट्टी' असा सांगितला जातो. तो गोड आहे, पण बरोबर नाही. हे गावावरून पडलेलं आडनाव आहे, आपल्या 'कर' लावलेल्या आडनावांसारखंच. मूळ ठिकाण इंग्लंडच्या लँकाशायरमध्ये, बर्नलीजवळ.

शेवटचं 'ट्विसल' जुन्या इंग्रजीतल्या 'ट्विस्ला'वरून आलं. दोन ओढे मिळतात तिथला जमिनीचा तुकडा, म्हणजे नदीचं बेचकंच. त्यातला 'ट्वि' आणि आपला 'द्वि' एकाच मुळातले, हे कळलं तेव्हा मी खरंच हरखलो होतो. पहिला भाग 'ब्रिड'. त्या काळी त्याचा अर्थ पाखराचं पिल्लू, सरसकट पक्ष्याला 'फुगोल' म्हणत. पुढे 'र'ने जागा बदलली आणि 'बर्ड' झालं. थोडक्यात, पिल्लांचा वावर असलेलं बेचकं.

एंट्विसल, ऑस्वाल्डट्विसल ही त्याच भागातली भावंडं. स्पेलिंगमध्ये (Birtwistle) 's'नंतर येणारा 't' बोलताना गळतो आणि 'विसल' (whistle) ऐकू येतं, म्हणून शिट्टीचा भास होतो. काही घराण्यांत तर स्पेलिंगही तसंच झालं, उदाहरणार्थ देहबोलीचे अमेरिकन अभ्यासक रे बर्डव्हिसल.

आता हे आडनाव लावणारी माणसं कुठे सापडतात, ते पाहू. आडनाव विरळ आहे आणि अजूनही मुख्यतः लँकाशायरचंच. संगीतकार हॅरिसन बर्टविसल १९३४ साली अ‍ॅक्रिंग्टनला जन्मले, आणि २०१० ते २०१५ बर्नलीचे खासदार होते गॉर्डन बर्टविसल. मूळ गावापासून दोघंही हाकेच्या अंतरावर!