वांगाची ट्यूब चिठ्ठीशिवाय देऊ नये

रावेरची शिक्षिका:
आमच्याकडे गालावर वांग आलं की बाई थेट मेडिकलवर जाते. हाती पडते ती हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनची एकत्र ट्यूब. मोमेटासोन हे स्टिरॉइड आहे. सुरुवातीला चेहरा उजळतो, म्हणून वर्षभर चोळत राहतात. मग कातडी पातळ होते, शिरा दिसतात, लव वाढते आणि ट्यूब सोडली की आग होते. 2018 मध्ये केंद्र सरकारने बरीच स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, घातली. तरी ती चिठ्ठी न बघता मिळतात. हे बंद झालंच पाहिजे.

चोपड्याचा मेडिकलवाला:
मॅडम, स्टिरॉइडचं पटलं. पण दिवसाची मजुरी बुडवून जळगाव गाठणं किती जणींना जमतं? प्रत्येक डागाला डॉक्टर कशाला? 4-5 टक्के निआसिनामाइडच्या सीरमला चिठ्ठी लागत नाही. तयार झालेला रंग ते वरच्या पेशींत पोचू देत नाही. कोजिक अॅसिड आणि अर्बुटिन हे टायरोसिनेज, म्हणजे त्वचेत रंग बनवणारं एन्झाइम, अडवून रंग बनणंच कमी करतात. त्वचेला सोसलं तर दोन-तीन महिने लावून बघायला काय हरकत?

शिरपूरची शेतकरीण:
भाऊ, बाटली विकाल, पण ऊन कोण थांबवणार? मे महिन्यात इथं पारा 45 गाठतो. केळीच्या बागेत घामाने सनस्क्रीन वाहून जातं, आणि दर दोन तासांनी परत लावायला मजुरणीला सवड कुठली? ऊन लागत राहिलं की फिकं झालेलं वांग पुन्हा गडद होतं. आधी तोंडाला रुमाल बांधा, मोठ्या काठाची टोपी घाला, सीरमचं नंतर बघू.

धुळ्याची विद्यार्थिनी:
मुळात सावळेपणा हा आजार नाही. मुलगी बघायला येणार म्हणून घरोघरी लिंबू चोळतात आणि त्यावर ऊन लागलं की कातडी भाजून उलट नवे डाग पडतात. ही सगळी क्रीमं त्याच हट्टावर खपतात.

रावेरची शिक्षिका:
ताई, रंगाचं तुमचं अगदी खरं. पण वांग म्हणजे सावळेपणा नव्हे. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमुळेही ते येतं, आणि त्यापायी बायका लग्नकार्याला जायचं टाळतात. त्यांना उपचार मागायचा हक्क आहे. गरोदर बाईला हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन देत नाहीत; अॅझेलेइक अॅसिड चालतं. हे काउंटरवर कोण विचारतं? बाजारातल्या बिनलेबलच्या क्रीमच्या डब्यांत तर पाराही निघतो, तो मूत्रपिंडं बिघडवतो. धुळे आणि जळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत त्वचारोग विभाग आहेत, तिथे एकदा तरी दाखवा.

चोपड्याचा मेडिकलवाला:
डबे मी ठेवत नाही, आणि हायड्रोक्विनोनला चिठ्ठी मागेन. पण निआसिनामाइडसाठी बाईला धुळ्याला पाठवणं मला पटत नाही.

शिरपूरची शेतकरीण:
मग बाटलीबरोबर रुमालाचंही सांगत जा, भाऊ.