जर्मनीतल्या गुहा, जुन्या खाणी, पडके मठ : तुमचे अनुभव लिहा

राजवाडे आणि ख्रिसमसचे बाजार जरा बाजूला ठेवू. नॉयश्वानश्टाइनचा फोटो प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेच. इथे राहणाऱ्या आणि येऊन गेलेल्या मंडळींकडून मला गावाबाहेरच्या जागांबद्दल ऐकायचंय. गुहा, बंद पडलेल्या दगडखाणी, छप्पर उडालेले मठ, असं काहीही. जागेचं नाव, काय पाहिलं आणि आत जाता येतं का, एवढं लिहिलंत तरी पुरे. शक्य असेल तर आणखी एक लिहा : तिथला दगड कुठे गेला? का विचारतोय ते खाली कळेलच.

सुरुवात मीच करतो.

बॉनहून

आमच्या समोर, ऱ्हाइनच्या पलीकडच्या काठावर झीबनगेबिर्गं नावाचे डोंगर आहेत. त्यातला ड्राखेनफेल्स ३२१ मीटरचा, म्हणजे सह्याद्रीत भटकलेल्याला टेकडीच. वर बाराव्या शतकातल्या किल्ल्याचा बुरुज आहे, तोही अर्धाच. उरलेल्याचं काय झालं म्हणून वाचत गेलो, तर ती सगळी खाणीची करामत. या डोंगराचा दगड ट्रॅकाइट. रोमन लोकांनी तो काढला, पुढे मध्ययुगात कोलोनच्या कॅथीड्रलसाठी इथूनच होडीत भरून नदीने खाली गेला. खाण वर सरकत सरकत किल्ल्याच्या पायापर्यंत पोचली आणि तटबंदी ढासळायला लागली. शेवटी १८३६मध्ये प्रशियाच्या सरकारने शिखरच विकत घेतलं, तेव्हा कुठे टाकीचे घाव थांबले. कॅथीड्रल बघायला जाल तेव्हा जुन्या भागातला राखाडी दगड नीट बघा. त्यात मोठे पांढरट चौकोनी स्फटिक दिसतात. तो आमचा डोंगर.

तिथून जंगलातून चालत हाइस्टरबाखला जाता येतं. सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा मठ. १८०३मध्ये मठ बरखास्त झाला आणि चर्चची इमारत दगडाच्या भावात विकली गेली. नेपोलियनच्या काळात ऱ्हाइनला जोडणारा एक कालवा काढायचा होता, त्याच्या बांधकामासाठी. कालवा पुरा झालाच नाही. चर्चही गेलं. उरलाय तो फक्त गाभाऱ्याकडचा अर्धगोल, गवतात एकटा उभा. इथली एक दंतकथा आहे. देवाला हजार वर्षं एका दिवसासारखी कशी, या विचारात एक साधू जंगलात गेला, संध्याकाळच्या घंटेला परत आला, तर मध्ये तीनशे वर्षं उलटलेली. मला लगेच आपला ककुद्मी आठवला. रेवतीला स्थळ विचारायला ब्रह्मदेवाकडे गेला आणि परत येईपर्यंत युगं लोटली. साधूला निदान लग्न जमवायचं नव्हतं.

ड्युसेलडॉर्फहून

दगड कुठे गेला म्हणालात म्हणून लिहितो. आमच्याकडे गुहाच गेली!

निआंडरटाल ड्युसेलडॉर्फहून लोकलने थोड्याच अंतरावर आहे. पाहुणे आले की म्हणतात, ‘ती’ गुहा दाखव. कुठून दाखवू? तिथे चुनखडीची खाण होती. १८५६मध्ये कामगारांनी गुहेतला गाळ उपसून खाली टाकला, त्यात हाडं निघाली. अस्वलाची असतील म्हणून ती एल्बरफेल्डचे शिक्षक फुलरोट यांना दाखवली आणि त्यांनी ती वेगळ्याच माणसाची म्हणून ओळखली. या दरीवरूनच त्याला निआंडरटाल माणूस म्हणतात. पण खाण काही थांबली नाही. काही वर्षांत गुहा, तिचा कडा, अख्खी अरुंद दरी फोडून नेली. जागा नेमकी कुठली हेही लोक विसरले.

मला सगळ्यात भारी वाटतो तो पुढचा भाग. १९९७मध्ये दोन पुरातत्त्वज्ञांनी तो खाली फेकलेला गाळ शोधून काढला. त्यात हाडांचे आणखी तुकडे मिळाले आणि त्यातला एक १८५६च्या मांडीच्या हाडाला बरोब्बर जुळला. आता तिथे मनोरा बांधलाय. वर चढलं की गुहा ज्या उंचीवर होती तिथे आपण पोचतो, समोर हवा. माझ्या मुलीने विचारलं, “बाबा, मग बघायचं काय?” प्रश्न रास्त आहे. पण संग्रहालय मुलांना खरंच आवडतं. मूळ हाडं मात्र बॉनच्या संग्रहालयात आहेत, म्हणजे धागाकर्त्यांच्या दाराशी.

कोब्लेंझहून, लेकीकडे आलेली

मी लेकीकडे तीन महिन्यांसाठी आले आहे. सत्तरी ओलांडली, गुडघे बोलतात. एका शनिवारी जावई म्हणाले, “आई, जमिनीखाली जायचं का?” म्हटलं, एवढ्यात नको हो.

तर ते मेंडिगबद्दल बोलत होते. आइफेल भागात आहे हे गाव. वरून साधं गाव, घरं, बाग, आणि खाली तीसेक मीटरवर अख्खं दुसरं गाव मावेल एवढी पोकळी. डोक्यावर हेल्मेट देतात. दीडशेच्या आसपास पायऱ्या उतरायच्या. भर जुलैत मी शाल घेऊन गेले आणि लेक हसली. खाली सहा ते नऊ अंश तापमान, बारा महिने. मग शाल कोणी मागितली ते विचारू नका.

तिथला दगड काळा, बारीक भोकांचा. लाव्हा थंड होताना त्याचे उभे खांब झाले, ते खांब खालून फोडून काढायचे आणि छत पडू नये म्हणून मधले काही तसेच ठेवायचे. कशासाठी? जात्यांसाठी! मोठमोठी गिरणीची जाती आणि त्याआधी हजारो वर्षं घरची हातजाती. शेजारच्या मायेन गावात उघड्यावर जुन्या खाणी आहेत, तिथे अर्धवट घडवलेली गोल जाती तशीच पडलेली दिसतात. गाइड मुलगी समजावत होती की या दगडाला भोकं असल्यामुळे तो झिजला तरी नवी धार उघडी पडते, म्हणून रोमन लोक तो लांब लांब नेत. लेकीने मराठीत सांगितलं तेव्हा मी म्हटलं, विचार तिला, टाकी लावायला कोण यायचं? आमच्या लहानपणी जात्याला टाकी लावणाऱ्या बायका दारावर यायच्या. त्यांच्या छिन्नीचा आवाज ऐकला की आई हातातलं काम टाकून जातं बाहेर काढायला लावायची. लेकीला हे माहीतच नव्हतं. तिला ते जर्मनीत जमिनीखाली उभं राहून कळलं.

पुढे एकोणिसाव्या शतकात त्या रिकाम्या पोकळ्यांत बीअर ठेवायला लागले. एवढ्याशा गावात अठ्ठावीस ब्रुअऱ्या होत्या म्हणे, कारण खाली फुकटची थंडी. मग लिंडे यांचं थंडी करणारं यंत्र आलं आणि बहुतेक सगळे शहरात निघून गेले. आता तिथे हिवाळ्यात वटवाघळं राहतात. जावयांनी मोठ्या आशेने सांगितलं की एक ब्रुअरी अजून चालू आहे. त्यांचा बेत मला तेव्हा कळला.

जाती नदीने जायची ती आंडरनाखहून. तिथे ऱ्हाइनच्या काठावर सोळाव्या शतकातली दगडी क्रेन उभी आहे. आत माणसं चाकात चालायची आणि वर जातं उचललं जायचं. १९११पर्यंत वापरात होती. बघाच.

फ्रांकफुर्टहून

काकू, शालीचा किस्सा जबरदस्त.

माझं थोडक्यात. डार्मश्टाटजवळ मेसेलची खाण. तेलयुक्त शेल (पातळ थरांचा दगड) काढायचे, १९७१मध्ये बंद पडली. नंतर त्या खड्ड्यात कचरा टाकायचं ठरलं होतं. स्थानिक लोक वर्षानुवर्षं भांडले, शेवटी १९९१मध्ये हेसेन राज्याने खाण घेतली आणि १९९५मध्ये ती जागतिक वारसा झाली. ४.८ कोटी वर्षांपूर्वीचे छोटे घोडे, वटवाघळं, कासवांच्या जोड्या, सगळं त्या खड्ड्यात. आत फक्त गाइडबरोबर जाता येतं. स्वतः काही उचलायचं नाही. दगडात इतकं पाणी असतं की बाहेर काढून वाळू दिला तर जीवाश्मासकट चिरफळ्या होतात.

न्युर्नबेर्गहून

उचलायची हौस असेल तर आमच्याकडे या. आइखश्टेटजवळ ब्लूमेनबेर्गवर हौशी लोकांसाठी खुली दगडखाण आहे. छिन्नी-हातोडी भाड्याने मिळते, बसायचं आणि पातळ थर सोडवत राहायचं. १५ कोटी वर्षांपूर्वीच्या खाऱ्या तळ्याचा चिखल आहे तो. मुलं तासभर शांत बसतात, हा या खाणीचा मुख्य चमत्कार. बहुतेकांना नेच्यासारखी सुंदर काळी नक्षी मिळते आणि सगळे ओरडतात, झाड, झाड! ते झाड नसतं, मँगनीज आणि लोखंडाचे क्षार भेगेतून पसरलेले असतात. खरं सापडलं तर बहुधा साक्कोकोमा, समुद्रात तरंगणारा पिसासारखा चिमुकला जीव. बर्लिनच्या संग्रहालयातला प्रसिद्ध आर्किओप्टेरिक्स (पिसं असलेला आदिपक्षी) याच डोंगरावरचा, पण ती आशा ठेवू नका.

दगड कुठे गेला? याच उत्तरासाठी लिहायला बसलो. हाच तो झोल्नहोफेनचा चुनखडीचा दगड. १७९६मध्ये सेनेफेल्डरने याच्यावरून छपाईची युक्ती काढली, शिळाछाप. इतका बारीक आणि एकसारखा दगड दुसरीकडे सहसा मिळत नाही, त्यामुळे तो जगभर गेला. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४मध्ये मुंबईत सुरू झाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि पुढे श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. आजीच्या देवघरातली लक्ष्मी अशाच दगडावरून उतरलेली. मळवली स्टेशनला आपण उतरतो ते भाजे-कार्ल्याची लेणी बघायला. छापखान्याची आठवण किती जणांना होते? मला तरी आइखश्टेटच्या धुळीत बसेपर्यंत झाली नव्हती.

ट्युबिंगेनहून, विद्यार्थिनी

मी श्वेबिशे आल्ब या इथल्या डोंगराळ भागातल्या गुहांबद्दल लिहिते. इथून दगड कुठेच गेला नाही, आतून वस्तू मात्र निघाल्या. आख आणि लोने या दोन खोऱ्यांतल्या सहा गुहा २०१७पासून जागतिक वारसा आहेत. शेल्कलिंगेनची होले फेल्स सगळ्यात सोपी. बोळकांडीसारख्या वाटेने आत जायचं आणि एकदम प्रचंड दालन उघडतं. तिथे २००८मध्ये हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, सहा सेंटिमीटरची, मॅमथच्या दातातून कोरलेली. डोकं नाही, त्या जागी दोरा ओवायची कडी. गिधाडाच्या हाडाची पाच भोकांची बासरीही त्याच वर्षी मिळाली. दोन्ही ब्लाउबॉयरनच्या संग्रहालयात आहेत, होले फेल्सपासून जवळच. साधारण चाळीस हजार वर्षांपूर्वीचं हे काम.

उल्मच्या संग्रहालयात सिंहमानव आहे. डोकं सिंहाचं, अंग माणसाचं. कोणीही मराठी माणूस पहिल्यांदा म्हणणार, अरे, नृसिंह! मोह आवरा. १९३९मध्ये युद्ध तोंडावर असताना होलेनश्टाइन-श्टाडेल गुहेत त्याचे तुकडे मिळाले, पेटीत पडून राहिले आणि तीस वर्षांनी कुणीतरी ते जुळवायला बसलं तेव्हा हा उभा राहिला.

एक प्रश्न : आमचा ग्रुप फाल्कनश्टाइनर होलेला जायचं म्हणतोय. कोणी गेलंय का?

श्टुटगार्टहून

ताई, ग्रुपला थांबव. मी इथल्या गुहामंडळाबरोबर फिरतो म्हणून स्पष्टच सांगतो. ती पाण्याची गुहा आहे, आतून ओढा वाहतो. बाहेर पाऊस झाला की कमी उंचीच्या जागा पाण्याने भरतात आणि परतीची वाट बंद. २०१९च्या जुलैत दोघे असेच अडकले, पाणबुड्यांनी बाहेर काढलं. परवानगीशिवाय जायचं नाही आणि जाणकाराशिवाय तर नाहीच.

बाकीच्यांसाठीही : १ ऑक्टोबर ते ३१ मार्च या काळात वटवाघळांच्या हिवाळी मुक्कामाच्या गुहा, बोगदे, जुने तळघर यात शिरायला निसर्गसंरक्षण कायद्याने बंदी आहे. पर्यटकांसाठी आधीपासून चालवलेल्या गुहांना वेगळे नियम, त्यांचे दिवस बघून जा. लोकांना वाटतं, मी हात कुठे लावतोय? हात लावायची गरजच नाही. दिवा आणि आवाजानेही ती जागी होतात, प्रत्येक वेळी साठवलेली चरबी जळते आणि वसंतापर्यंत पुरत नाही. आत जाताना हेल्मेट, प्रत्येकाकडे तीन वेगवेगळे दिवे (फोन हा दिवा नव्हे), आणि घरी कोणाला तरी परतायची वेळ सांगून ठेवा. त्या वेळेत आला नाहीत तर त्यांनी ११२ या आपत्कालीन नंबरला फोन करायचा, तुमच्या फोनला खाली रेंज नसते.

बर्लिनहून

माझा छंद पडक्या इमारती, म्हणून बेलित्स. क्षयरोग्यांसाठी बर्लिनच्या बाहेर पाइनच्या जंगलात बांधलेलं भलंमोठं आरोग्यधाम. दुसऱ्या महायुद्धानंतर १९९४पर्यंत सोव्हिएत लष्कराचं रुग्णालय. रशियन गेले आणि इमारती ओस पडल्या. पूर्वी लोक खिडकीतून आत शिरायचे. काही जण पडून दगावलेही. आता २०१५पासून झाडांच्या उंचीवरून पूल काढलाय, तो थेट अवशेषांवरून जातो. बॉम्बने पडलेल्या एका इमारतीच्या छपरावर सरळसोट जंगल उगवलंय, ते वरूनच नीट दिसतं. जुने फोटोवाले नाकं मुरडतात, तिकीट काढून कसलं साहस म्हणतात. मी काढतो तिकीट. कुंपण ओलांडणं हा इथे फौजदारी गुन्हा आहे, आणि व्हिसावर राहणाऱ्याने ती हौस न केलेली बरी. शिवाय बर्लिनच्या आसपास जंगलात ‘दारूगोळा, धोका’ अशा पाट्या असतात. त्या शोभेच्या नाहीत.

ग्योटिंगेनहून

हार्त्स डोंगरांतली आइनहॉर्नहोले राहिली, म्हणजे एकशिंग्याची, कपाळावर एक शिंग असलेल्या काल्पनिक घोड्याची गुहा. शेकडो वर्षं लोक इथून हाडं खणून नेत आणि एकशिंग्याची म्हणून औषधवाल्यांना विकत. पूड करून घ्यायची, सर्व रोगांवर. तत्त्वज्ञ लाइबनिट्ससारखा माणूसही गुहा बघायला येऊन गेला. पुढे कळलं की हाडं बहुतेक गुहा-अस्वलांची. २०२१मध्ये इथलंच एक राक्षसी हरणाचं हाड जाहीर झालं, ५१ हजार वर्षांपूर्वीचं, त्याच्यावर निआंडरटाल माणसाने कोरलेल्या नीट तिरप्या रेघा. ड्युसेलडॉर्फवाल्या दादांनी मुलीला इथे आणावं, गुहा जागेवर आहे. दगडही कुठे गेलेला नाही. हाडं गेली ती लोकांच्या पोटात, संशोधकांना मिळाली ती पूड व्हायची राहिलेली.