ग्रीन टी सीरम: गुण की नुसतं लेबल?

निवांत: दाढी केली की माझी मान लालबुंद व्हायची. दोन महिने ग्रीन टीचं सीरम लावतोय, आग जवळपास थांबली. ग्रीन टीमधलं ईजीसीजी हे कॅटेचिन (चहाच्या पानातलं अँटिऑक्सिडंट) दाह कमी करतं, उन्हामुळे त्वचेत तयार होणारे, पेशींना इजा करणारे फ्री रॅडिकल्स निकामी करतं. 'वनस्पती म्हणजे सगळं मार्केटिंग' म्हणणाऱ्यांनी आता बोलावं.

रसायनवाली: बोलते. बाटलीमागची घटकांची यादी वाचलीत? क्रम प्रमाणानुसार उतरता असतो, फक्त एक टक्क्याखालचे घटक कसेही लावता येतात. फिनॉक्सिइथेनॉल हे प्रिझर्वेटिव्ह सहसा एक टक्क्याच्या आतच घालतात. अर्क त्याच्याही खाली असेल, तर बाटलीत चहा नाही, चहाची आठवण आहे.

निवांत: अर्क वर आहे. ग्लिसरीन, नायसिनामाइड (बी३ जीवनसत्त्वाचा प्रकार), मग अर्क.

रसायनवाली: मग श्रेय एकट्या चहाला कसं? नायसिनामाइडनेही लाली उतरते.

पानफूल: सीरम कशाला हवं? घरीच ग्रीन टी उकळा, गार करा, कापसाने लावा. मी कायम तेच करते, बरं वाटतं.

रसायनवाली: गार कापसाने बरं वाटणारच, त्यात निम्मं काम गारव्याचं. ताजा असेल तर लावा बापडे. पण वाटी रात्रभर ठेवून बघा, सकाळी पाणी तांबूस दिसेल. कॅटेचिनं हवेत अशी झपाट्याने खराब होतात. शिवाय त्यात प्रिझर्वेटिव्ह नाही, म्हणजे जंतूंना मोकळं रान. सीरमचंही तेच, तपकिरी झालं की टाकून द्यायचं.

खलबत्ता: इतकंही हिणवू नका. ग्रीन टीच्या कॅटेचिनांचं १५ टक्क्यांचं मलम अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २००६ मध्ये मंजूर केलंय, जननेंद्रियांवरच्या चामखिळींसाठी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. अर्कात दम नसता तर झालं असतं का?

रसायनवाली: दम आहेच, मी कुठे नाही म्हटलं? पण त्या मलमाची नेहमीची तक्रार काय, तर लावल्या जागी लाली आणि जळजळ! 'शांत करणारा' घटक म्हणे.

खलबत्ता: तिथली त्वचा नाजूक, मात्रा जबर. मानेवरच्या सीरमशी त्याची तुलना कशी होईल?

रसायनवाली: बरोबर, नाहीच होणार. म्हणून ते मलम सीरमच्या बाजूने साक्षीलाही आणू नका. आणि ईजीसीजी आहे म्हणून कुणी सनस्क्रीन सोडू नका, ते काम त्याच्याने होत नाही. निवांत, एक विचारू? सीरम सुरू केलंत तेव्हा आफ्टरशेव्ह बंद केलंत का?

निवांत: ...केलं.

खलबत्ता: घ्या!

निवांत: थांबा हो. आता दोन आठवडे मानेच्या उजव्या बाजूलाच सीरम लावतो, डावी कोरडी ठेवतो. मग सांगतो.

रसायनवाली: डाव्या बाजूला साधं ग्लिसरीनवालं मॉइश्चरायझर लावा, तरच चहाचं कळेल. नायसिनामाइडचा घोळ उरेलच म्हणा. आणि आफ्टरशेव्ह?

निवांत: ते परत नाही लावणार. आग होते.