३२ फुटी होडीत जीपचं डीआय इंजिन बसवायचं आहे: गिअर, पंखा आणि कूलिंग कसं जुळवावं?

हर्णै_बंदर

होडी फायबरची, ३२ फूट, जाळ्याची मासेमारी. आतलं जुनं इंजिन दोन सिलिंडरचं, २४ हॉर्सपॉवर, १५०० आरपीएम. कनेक्टिंग रॉडचा बोल्ट तुटला, रॉडने ब्लॉक फोडला आणि क्रँकही वाकली, त्यामुळे ते दुरुस्त होण्यातलं राहिलेलं नाही. गिअरबॉक्स २:१ चा, चांगला आहे. शाफ्ट ३८ मिमी स्टेनलेस, पंखा (प्रोपेलर) तीन पात्यांचा, २२ बाय १५ इंच (व्यास आणि पिच, म्हणजे एका फेरीत पुढे सरकायचं अंतर).

महिंद्रा जीपचं २५२३ सीसीचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन मिळतंय. टर्बो नाही, ईसीयू (इलेक्ट्रॉनिक कंट्रोल) नाही, साधा मेकॅनिकल पंप. गाडीत ३२०० आरपीएमला साठेक हॉर्सपॉवर देतं. जुना गिअर आणि पंखा तसाच ठेवून हे चालेल का? समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरवलं तर? पावसाळी मासेमारीबंदी १ जूनला लागते, ३१ जुलैपर्यंत काम उरकायचं आहे.

शाफ्टलाइन

इंजिन चालेल, जुना गिअर चालणार नाही. हिशोब मांडून दाखवतो.

तुमचा पंखा १५०० ला २:१ ने, म्हणजे ७५० फेऱ्यांवर, २४ हॉर्सपॉवर खातो. पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. नवं इंजिन २४०० ला चालवलं तर २:१ वर शाफ्ट १२०० फिरायला हवा. १२०० भागिले ७५० म्हणजे १.६, त्याचा घन ४.१, आणि २४ गुणिले ४.१ म्हणजे ९८ हॉर्सपॉवर. इंजिनात तेवढी ताकदच नाही. ते १७००-१८०० च्या आसपास अडकेल, काळा धूर सोडेल, आणि थ्रॉटल कितीही ओढला तरी पुढे जाणार नाही. अशा लोडवर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एक हंगामही काढत नाहीत. लोक मग इंजिनाला नावं ठेवतात, पण त्यात इंजिनाचा काही दोष नसतो.

३:१ चा गिअर घ्या. २४०० ला शाफ्ट ८०० फिरेल आणि तोच पंखा २९ हॉर्सपॉवर मागेल. २६०० ला साधारण ३७. पंखा बदलायचा खर्च वाचला. गाडीचं इंजिन गाडीत पूर्ण ताकद काही सेकंदच देतं, होडीत मात्र तासन्‌तास एकाच लोडवर राहतं. म्हणून ३२०० चा आकडा विसरा आणि कायमची चाल २४०० च्या वर ठेवू नका. तुमच्या होडीची पाण्यावरची लांबी २७ फूट धरली तर हलचा नैसर्गिक वेगच ७ नॉट आहे. त्याच्या वर ताकद घातली की डिझेल जळतं आणि लाट उठते, वेग वाढत नाही.

गिअर घेताना त्याच्या प्लेटवरच्या दोन गोष्टी वाचा. एक, इनपुटची कमाल गती. १५०० च्या इंजिनांबरोबर येणारे कितीतरी गिअर २००० पर्यंतचेच असतात, ते २४०० ला तापतात. दोन, क्षमता किलोवॅट भागिले आरपीएम. तुम्हाला इंजिनाचे ३३ किलोवॅट भागिले २४०० म्हणजे ०.०१४ लागतं, पण जाळी ओढताना पुढे-मागे सारखं होतं, तेव्हा ०.०२ चा घ्या.

होडी अजून पाण्यात असेल तर आताच पंखा कुठल्या बाजूला फिरतो ते मागे उभं राहून बघून ठेवा. नव्या जोडीत दिशा उलटी आली तर पंखा बदलावाच लागेल. कायम रिव्हर्सवर पुढे जाणं सगळे गिअर सोसत नाहीत.

डिझेल_मिस्त्री

गिअरचं वर आलंच आहे. ज्या दोन गोष्टींकडे कुणी बघत नाही त्या सांगतो: ऑइल चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) आणि डिझेल पंपाचा गव्हर्नर (गती आवरणारा भाग).

होडीत इंजिन शाफ्टच्या उतारावर बसतं, फ्लायव्हीलची बाजू खाली. ८ ते १० अंश उतार सहज असतो, नाळ (होडीचं पुढचं टोक) उचलली की आणखी वाढतो. चेंबरचा खोल भाग पुढे असेल तर तेल मागे पळतं आणि सक्शनची जाळी उघडी पडते. लाटेवर नाळ वर गेली की ऑइल प्रेशरचा काटा पडतो, खाली आली की परत चढतो. बेअरिंग असंच मरतं, आणि काटा सावरतो म्हणून तांडेल दुर्लक्ष करतो. खोल भाग मागे असेल तर नशीब. नसेल तर चेंबर कापून मागे खोल करून घ्या आणि सक्शन पाइप तिथपर्यंत न्या. मग इंजिन त्याच उतारावर ठेवून, मोजून तेल ओतून डिपस्टिकवर नवी खूण करा. जुन्या खुणेवर भरलंत तर मागचं सील तेलात बुडेल आणि गळेल.

आता पंप. गाडीच्या पंपाचा गव्हर्नर बहुतेक वेळा फक्त आयडल आणि कमाल गती सांभाळतो. मधल्या गतीत गाडी चालवणाऱ्याचा पायच गव्हर्नर असतो. होडीत थ्रॉटल एका जागी बांधलेला असतो. उधाणात पंखा पाण्याबाहेर आला की लोड जातो आणि इंजिन किंचाळत वर पळतं. ट्रॅक्टरसारखा सर्व गतींचा गव्हर्नर बसवून घ्या, कमाल गती २६०० ला सील करा. हे काम पंपाच्या टेस्ट बेंचवरच होतं, होडीत बसून स्क्रू फिरवून नाही. इंजिन बंद करायला सोलेनॉइड (विजेवरचा कॉक) असेल तर त्याच्या जोडीला हाताने बंद करायची तार ठेवा. डिझेल लाइनला टाकीजवळ पाणी वेगळं करणारा फिल्टर हवाच.

बेल हाउसिंगला (फ्लायव्हीलभोवतीच्या कवचाला) गिअर जोडायची प्लेट २० मिमी एमएसची (साध्या स्टीलची) करा. ती क्रँकशी एककेंद्री हवी. फ्लायव्हीलवर डायल गेज लावून फिरवा, भोकाचा फरक ०.२ मिमीच्या आत आणि तोंडाचा ०.१ च्या आत आला पाहिजे. क्लचची प्रेशर प्लेट काढून स्प्रिंगची डॅम्पर प्लेट लावा. कडक जोडलंत तर आयडलवर गिअर खडखडतो आणि इनपुटच्या खाचा झिजतात.

खाडीकाठ

कूलिंगबद्दल. समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधून अजिबात नको. खारं पाणी ६० अंशांच्या आसपास गेलं की क्षार धरतं, आणि जीपचा थर्मोस्टॅट उघडतो ८० च्या वर. थर्मोस्टॅट काढून टाकला तर इंजिन थंड राहतं, डिझेल नीट जळत नाही आणि लायनर झिजतात. ब्लॉकचे पत्र्याचे प्लग आधी सडतात, मग हेडचं पॅकिंग जातं.

हीट एक्स्चेंजर लावा, म्हणजे समुद्राचं पाणी इंजिनातलं गोड पाणी न मिसळता थंड करतं; नळ्या क्युप्रोनिकेलच्या आणि झिंकची कांडी असलेला. गोड पाण्याचं सर्किट बंद, त्यात कूलंट. इंजिन ४० हॉर्सपॉवर देत असेल तर जवळपास तेवढीच उष्णता पाण्यात जाते, ३० किलोवॅट धरा. समुद्राचं पाणी १० अंशांनी तापवायचं तर मिनिटाला ४५ लिटर पाणी लागतं. तेवढा रबर इम्पेलरचा पंप क्रँकच्या पुलीवरून चालवा, सक्शन सव्वा इंची. आधी गनमेटलचा कॉक, मग गाळणी, मग पंप. कॉक बंद ठेवून इंजिन सुरू केलं तर इम्पेलर मिनिटा-दोन मिनिटांत जळतो. त्याचे तुटलेले तुकडे एक्स्चेंजरच्या तोंडाशी जाऊन बसतात, तेव्हा नवा इम्पेलर घालण्याआधी ते शोधून काढा.

एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड गाडीत वाऱ्याने थंड होतो, इंजिनखणात तो लालभडक होतो. पाण्याचं जॅकेट असलेला मिळाला तर उत्तम. नाहीतर मॅनिफोल्ड आणि पाइप सिरॅमिक लोकरीने गुंडाळून सायलेन्सर सरळ वर न्या, तोंडाला झाकण. मासेमारीच्या होडीला हेच बरं. एक्झॉस्टमध्ये पाणी सोडायची पद्धत चांगली आहे, पण सायफनचा लूप पाण्याच्या रेषेवर किमान ३० सेंमी उंच आणि वरून हवेला उघडा नसेल तर बंद इंजिनात समुद्र शिरतो.

शाफ्टलाइन

खाडीकाठ, तळाखालची पाइपही विचारात घ्या, म्हणजे इंजिनाचं गोड पाणी होडीच्या तळाबाहेरच्या पाइपमधून फिरवून थंड करायचं. समुद्राच्या पाण्याचा पंपच नको, गाळणीही नको. एक्झॉस्ट सुका ठेवणार असाल तर ते सोपं आहे.

खाडीकाठ

धक्क्याला कायम तरंगणाऱ्या होडीला मान्य. पण वाळूवर ओढायची होडी असेल तर ती पाइप पहिल्याच पावसाळ्यात चेपते, आणि कालवं चढली की उष्णता जात नाही. होडी कुठे लावतात त्यावर ठरवा.

हर्णै_बंदर

होडी वाळूवर घेतो, म्हणजे एक्स्चेंजरच. अजून एक: जीपचा गिअरबॉक्स इंजिनासोबत फुकट मिळतोय. तो वापरून थोडे दिवस काढता येतील का? आणि इंजिनाचे रबर माउंट?

शाफ्टलाइन

दोन्ही नको. पंखा होडीला ढकलतो तो शाफ्टमधून, आणि तो जोर कुठेतरी झेलावा लागतो. तुमच्या होडीत तो ३०० ते ५०० किलो असेल. मरीन गिअरमध्ये त्यासाठी थ्रस्ट बेअरिंग असतं, जीपच्या गिअरबॉक्समध्ये नसतं. शिवाय टॉपमध्ये तो १:१ आहे, आणि खालच्या गिअरमध्ये दिवसभर चालवायला तो केलेला नाही. रबर माउंटचंही तेच: ती वजन आणि हादरा घेतात, पुढचा जोर घेत नाहीत, आणि डिझेल लागलं की फुगतात. बेडवर स्टीलचे चॅनल टाकून मरीन माउंट लावा.

अलाइनमेंट होडी वर असताना फक्त ढोबळ करा. पाण्यात उतरवून, बर्फ-डिझेल भरून, एक दिवस तशीच ठेवून मग कपलिंगचे बोल्ट काढा आणि फिलर गेजने चार बाजूंनी फट मोजा. ४ इंची फ्लँजला ०.१ मिमीच्या वर फरक नको. फायबरचा तळ पाण्यात आकार बदलतो, वर केलेली अलाइनमेंट तिथे टिकत नाही.

डिझेल_मिस्त्री

इंजिन नंबर आणि हॉर्सपॉवर नोंदणीत बदलून घ्या, जीपच्या इंजिनाची खरेदी पावती जपा. नोंदणीतलं इंजिन वेगळं निघालं की डिझेल परतावा आणि विमा दोन्ही अडतात. काम सुरू व्हायच्या आधीच मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा, बंदीत तिथे गर्दी असते.

चाचणीला पूर्ण थ्रॉटलवर, लोड घेऊन, २६०० आले पाहिजेत. २४०० लाच थांबलं आणि धूर काळा असेल तर पंख्याचा पिच जास्त आहे, एक इंच कमी करून घ्या. आधी तळ मात्र खरवडलेला असू द्या, शेवाळ असेल तर हीच लक्षणं दिसतात. पहिल्या ५० तासांनी तेल बदला, हेडचे बोल्ट आणि व्हॉल्व्हची फट कंपनीच्या आकड्याप्रमाणे पुन्हा बघा.