हिंजवडीतले आयटीवाले कोणती गाडी घेतात आणि का?

वाकडकर_देव:
नमस्कार मंडळी, राहायला वाकडला, ऑफिस हिंजवडी फेज ३. इतके दिवस बाईकवर भागलं पण आता घरात बाळ आहे आणि अधूनमधून आईबाबांना भेटायला कोल्हापूरला जायचं असतं, त्यामुळे गाडी घ्यायचीच ठरलंय. बजेट ऑन-रोड १७-१८ लाख. टीममध्ये विचारलं तर कोणी टाटाची इलेक्ट्रिक नेक्सॉन ईव्ही म्हणतं, कोणी ह्युंदाईची क्रेटा, आमचा आर्किटेक्ट म्हणतो फोक्सवॅगनच्या व्हर्टसशिवाय काही बघूच नको. पण का ते कोणी नीट सांगत नाही. तुम्ही काय चालवता आणि तीच का घेतली?

क्लच_सोडला:
देवा, गाडीचं नाव नंतर, आधी गिअरबॉक्स ठरव. भूमकर चौकातून संध्याकाळी निघालास की पहिला गिअर, हाफ क्लच, ब्रेक, परत पहिला, हेच चालतं आणि डावा गुडघा बोलायला लागतो. आमच्या फ्लोअरवर जवळजवळ सगळे ऑटोमॅटिकवर गेलेत ते याच कारणाने, स्टाईल म्हणून नाही. पण सगळ्या ऑटोमॅटिक सारख्या नसतात बरं का. एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच पण क्लच-गिअर मशीन सांभाळतं, ती स्वस्त पण गिअर बदलताना डुलकी देते. ड्राय क्लचवाली डीसीटी (दोन क्लचची ऑटोमॅटिक) हायवेला झकास, पण मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये तिचा क्लच तापतो. व्हर्टसचंच बघ, १.० टीएसआय इंजिनला टॉर्क कन्व्हर्टर येतो, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारी ऑटोमॅटिक, आणि १.५ ला डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगनची डीसीटीच. गाडी तीच पण रोजच्या रस्त्याला १.० वाली जास्त सोयीची. क्रेटाचं पण तसंच, साध्या १.५ पेट्रोलला सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली, झटके न देणारी ऑटोमॅटिक) आणि टर्बोला डीसीटी. मी स्वतः टोयोटाची हायरायडर हायब्रिड (पेट्रोल अधिक बॅटरी) घेतली, कारण हळू वेगात ती बरीचशी बॅटरीवर चालते आणि जाममध्ये पेट्रोल फारसं जळत नाही.

बाणेरची_मुक्ता:
माझी नेक्सॉन ईव्ही, ४५ युनिटच्या (kWh) बॅटरीवाली. लोक रेंजचं विचारतात, पण खरा प्रश्न पार्किंगचा आहे. स्वतःच्या स्लॉटला १५ अँपिअरचं सॉकेट मिळत असेल तर डोळे झाकून ईव्ही घ्या. रोजचं ४० किमी म्हणजे साधारण ६ युनिट, त्या सॉकेटवर अडीच-तीन तासांत भरतं. युनिट १० रुपयांनी धरलं तरी ६० रुपये. तेवढ्याच अंतराला ट्रॅफिकमध्ये ११-१२ चं ॲव्हरेज देणारी पेट्रोल गाडी साडेतीनशेच्या आसपास खाते. कोल्हापूर २३० किमी आहे, हायवेला एसी लावून ३०० च्या आसपास धरा, तरी साताऱ्याला चहाला थांबाल तेव्हा थोडी चार्ज करून घ्या, खंबाटकीचा चढ आणि वर पाऊस असला की आकडा भराभर उतरतो. आमच्या सोसायटीत चार्जिंग पॉइंटच्या एनओसीसाठी कमिटीशी फार भांडावं लागलं. म्हणून सांगते, बुकिंगच्या आधी परवानगी लेखी घ्या, तोंडी होकारावर अजिबात जाऊ नका.

सॅलरी_स्लिप:
कंपनी लीज देते का, म्हणजे कंपनीमार्फत भाडेतत्त्वावर गाडी मिळते का, ते एचआरला विचारा. हप्ता टॅक्सच्या आधी पगारातून कापला जातो आणि ३० टक्के स्लॅबमध्ये असाल तर फरक चांगलाच पडतो. पण नोकरी गेली किंवा बदलली की लीज बंद करायला एकरकमी पैसे भरावे लागतात, आणि आजकाल कोणाचं काय सांगता येतं, तेवढी रक्कम बाजूला असेल तरच करा, ही कळकळीची विनंती. दुसरं, बीएच नंबर, म्हणजे राज्य बदललं तरी चालणारी भारत सिरीजची नंबर प्लेट. कंपनीची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत असली की प्रायव्हेटवाल्यांनाही मिळतो आणि टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा. बंगळुरू-हैदराबादला बदली होऊ शकते अशांनी पेट्रोल गाडीला जरूर घ्यावा, नाहीतर इथे १०-२० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के एकदम भरा. ईव्हीला मात्र महाराष्ट्रात रोड टॅक्स माफ आहे, तिथे बीएचचा हट्ट कशाला.

दोन_पोरांची_आई:
सगळे गिअर आणि टॅक्सवरच, बाळाचं कोणी बोललंच नाही! दादा, बाळाची सीट घेऊनच शोरूमला जा आणि मागच्या आयसोफिक्सला (बाळाची सीट अडकवायचे गाडीतले हुक) स्वतः लावून बघा. लहान बाळाची सीट मागे तोंड करून लागते, मग पुढची सीट किती सरकवावी लागते आणि वहिनींचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात का ते तिथेच कळतं. आम्ही तीन गाड्या अशाच बाद केल्या. आणि क्रॅश टेस्टमध्ये लहान मुलांचे मार्क वेगळे देतात, नुसते वरचे स्टार बघू नका.

वाकडकर_देव:
खूप आभार सगळ्यांचे, एवढं तर शोरूमवाल्यानेही सांगितलं नव्हतं. मुक्ताताई, माझा स्लॉट पोडियमवर (जमिनीच्या वरच्या पार्किंग मजल्यावर) आहे आणि मीटर रूम तळघरात. इतक्या लांब केबल ओढायची तर वेगळं मीटर घ्यावं की घरच्याच मीटरवरून लाईन आणावी? तुमच्याकडे काय केलं?