'ब्लायटी मिळाली' म्हणजे काय?

कराडची_नर्स:
मी लीड्समध्ये एका वृद्धाश्रमात नोकरी करते. तिथले एक आजोबा, वय ९५, काल चहा घेताना म्हणाले, "पहिल्या महायुद्धात माझ्या वडिलांना ब्लायटी मिळाली, म्हणून मी आहे." मला वाटलं एखादं पदक असेल. सोबतची मुलगी इथलीच, पण तिलाही धड सांगता आलं नाही. कुणाला माहीत आहे का?

रानवारा:
पिकावर पडणाऱ्या रोगाला इंग्रजीत ब्लाइट म्हणतात, त्यावरूनच असणार. 'ब्लायटर' अशी शिवीही आहे.

कॅम्पातला_मास्तर:
रानवारा, ब्लायटरचं तुम्ही म्हणता ते बरोबर. ब्लायटी मात्र वेगळी, ती आपल्याकडची आहे. ताई, हा शब्द म्हणजे आपला 'विलायती'!

मी बेळगावच्या कॅम्पात वाढलो, सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात झाली. या शब्दावर माझा फार जीव आहे. मूळ अरबी 'विलाया', म्हणजे सत्ता, प्रांत. फारसीतून तो आपल्याकडे आला आणि विलायत म्हणजे परमुलूख झाला. विलायती चिंच मेक्सिकोकडची, तिचा इंग्लंडशी काय संबंध? पण ती बाहेरून आली, म्हणून विलायती. उत्तरेत 'व'चा 'ब' होतो, तिथे बिलायती म्हणतात. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात सोडावॉटरला 'बिलायती पानी' म्हटल्याची नोंद आहे. हिंदुस्थानात राहिलेल्या गोऱ्या पलटणींनी हेच बिलायती उचललं, त्यांच्या तोंडी त्याचं ब्लायटी झालं आणि अर्थ उरला एकच: आपलं घर, इंग्लंड.

१९१४ नंतर फ्रान्सच्या खंदकांत हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी झाला. जीव जाणार नाही, पण घरी पाठवावंच लागेल अशा जखमेला शिपाई 'ब्लायटी' म्हणत. चिखलात, तोफांखाली बसलेला विशीतला पोरगा अशी जखम मागत होता. मुद्दाम करून घेतलेली उघडकीला आली तर लष्करी खटला. आजोबांच्या वडिलांना मिळाली ती ही.

त्याच खंदकांत 'कुशी' हा शब्दही चालायचा, म्हणजे सुखाचं, आरामाचं. हलक्या जखमेलाही तो लावत. तो आपल्या 'खुशी'वरून. आणि नजर टाकणं म्हणजे 'डेको', आपल्या हिंदीतलं 'देखो'.

रानवारा:
मास्तर, चूक कळली. आमच्या बांधावर विलायती चिंचेची दोन झाडं आहेत, तरी हे कधी डोक्यात आलं नाही.

कराडची_नर्स:
सर, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. माझी आजी अजून गावात सांगते, "नात विलायतेला असते." तोच शब्द आजोबा माझ्याशी बोलत होते आणि मला ओळखता आला नाही. उद्या माझी रात्रपाळी आहे. त्यांना झोप उशिरा लागते. वडिलांना कुठे लागलं होतं, ते विचारते आणि हा शब्द आमच्याकडून गेलाय हेही सांगते.