रिपोर्टात ‘पार्शल टिअर’ आलं, म्हणून लगेच ऑपरेशन?

चढाईवालीची_आई
कबड्डीत चढाई करताना मुलीचा गुडघा पिरगळला. एमआरआय रिपोर्टात एवढंच: एसीएल पार्शल टिअर, म्हणजे गुडघ्याच्या आत हाडांना बांधून ठेवणारं एक लिगामेंट अर्धवट फाटलंय. तेवढ्यावर एका सर्जननी गुडघ्याला हातही न लावता ऑपरेशनची तारीख दिली! दुसऱ्या डॉक्टरांनी तिला झोपवलं, गुडघा जरासा वाकवला, एका हातानं मांडी घट्ट धरली आणि दुसऱ्यानं नडगी वर ओढली. मग तेच चांगल्या पायाला. म्हणाले, “किंचित सैल आहे, पण शेवटी टणकन अडतंय.” म्हणजे लिगामेंट पूर्ण तुटलेलं दिसत नाही. ही लॅकमन टेस्ट. लिगामेंट अर्धवट फाटलंय का, हे हातानंच ठरवावं, फोटोवरून नाही, असं माझं ठाम मत आहे.

तालुक्याचा_गडी
ताई, नाही पटलं. ताज्या दुखापतीत गुडघा टम्म सुजलेला, मांडी आखडलेली, पोर हात लावू देत नाही. तेव्हा कसली लॅकमन? आणि असे जाणते हात आमच्याकडे आहेत कुठे? भावाला ‘लचकलंय’ म्हणून तीन महिने तेल चोळलं. एमआरआय काढला तेव्हा कळलं, आतली गादीपण फाटलीय. एक्सरेत ना गादी दिसते, ना लिगामेंट.

फिल्म_वाचणारा
मी रेडिओलॉजीत आहे. एसीएल पूर्ण तुटलं असेल तर एमआरआय सहसा चुकत नाही. अर्धवटाला मात्र फसतो. एसीएलमध्ये तंतूंच्या दोन जुड्या असतात, त्याही तिरक्या; नेहमीच्या तीन-चार मिलिमीटरच्या स्लाइसमध्ये त्या सलग सापडतीलच असं नाही. वयानं लिगामेंट आतून फुगलं तरी फाटल्यासारखं दिसतं. लिगामेंटच्या रेषेत तिरके स्लाइस घेतले तर बराच फरक पडतो. पण आमच्याकडे चिठ्ठी येते ती ‘गुडघेदुखी’ एवढीच!

तालुक्याचा_गडी
मग दोष मशीनचा नाही, चिठ्ठीचा. एमआरआय नकोच असं लोकांना सांगू नका. आमच्यासारख्यांचं त्यात नुकसान आहे.

चढाईवालीची_आई
गादीचं मान्य, तिथे एमआरआय हवाच. सूज असताना हातानं कळत नाही, हेही खरं. पण सूज उतरल्यावर पुन्हा तपासायला नको? एका ओळीवर पोरीचा गुडघा उघडायचा, हे मला आजही मान्य नाही. सध्या फिजिओथेरपी चालू आहे. परवा सहा आठवडे होतील. जिना उतरताना गुडघा एकदाही निसटलेला नाही. तीच फिल्म पुन्हा वाचून घेणार आहे. रेडिओलॉजीवाले दादा, चिठ्ठीवर नेमकं काय लिहून घेऊ?

फिल्म_वाचणारा
कधी, कसा पिरगळला, लॅकमनला किती सैल, गुडघा निसटतो का. आणि वय.